चालता बेंड कोण कापतो?

रघू गेल्याची बातमी आली तेव्हा मी हर्ण्याच्या बंदरावर काशिनाथ तांडेलाशी हुज्जत घालत उभा होतो. संध्याकाळचा लिलाव रंगात आला होता. वाळूवर पापलेट आणि सुरमईचे ढीग पडले होते आणि बोली लावणाऱ्या बायकांच्या आवाजात आम्हा दोघांना एकमेकांच्या कानाशी ओरडावं लागत होतं. काशिनाथला नव्या होडीच्या केबिनभोवती पाइपचं रेलिंग करून हवं होतं. हर्ण्याचं काम कित्येक वर्षांनी माझ्याकडे यायला निघालं होतं, आणि ते हातातून सुटू नये म्हणून मी जिवाचा आटापिटा करत होतो. तेवढ्यात फोन वाजला. सुमन, माझी बायको. "दादा गेला," एवढंच म्हणाली आणि तिला पुढे बोलवेना... रघुनाथ तिचा सख्खा मोठा भाऊ. माझा मेहुणा, त्याआधी माझा भागीदार, आणि नंतर मरेपर्यंत माझा वैरी.

मी फोन खिशात घातला आणि काशिनाथला म्हटलं, "हां, तर पाइप कुठला वापरायचा?" हे वाचून कोणी नाक मुरडेल. मुरडू दे. पण काशिनाथनं माझा चेहरा वाचला. "काय झालं, शेट?" सांगावं लागलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, शेजारच्याला सांगितलं, त्यानं पुढच्याला. बघता बघता लिलावाचा गलका खाली बसला. मासळीवरून भांडणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. "रघूशेट गेले? असा माणूस परत नाय व्हायचा," काशिनाथ म्हणाला आणि माझ्या हातातला नकाशा त्यानं हळूच मिटून मला परत दिला. "रेलिंगचं मागनं बघू." मागनं म्हणजे काय ते धंदा करणाऱ्याला समजतं. जिवंतपणी रघूनं हर्णे माझ्याकडून काढून घेतलं होतं. जाता जाता त्यानं तेच पुन्हा एकदा केलं.

मी हे लिहिणार नव्हतो. पण गेल्या महिन्यात याच पुरवणीत कोणीतरी रघूवर दोन रकाने भरून लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, की रघूशेटच्या हातचा बेंड कधी पातळ पडला नाही. ते वाचून चहाचा कप माझ्या हातून आपटला गेला. बेंड म्हणजे पाइपचं वळण, आणि ज्यानं हे लिहिलं त्यानं आयुष्यात पाइप वाकवलेला नाही. वाकवलेला प्रत्येक पाइप पातळ पडतो. माझा पडतो, रघूचा पडायचा, देवानं वाकवला तरी पडेल. घट्ट बाहीचा सदरा घालून कोपर दुमडून बघा. बाहेरचं कापड ताणतं, आतल्या बाजूला चुण्या पडतात. पाइपचं तसंच होतं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला लोखंड ताणलं जाऊन पातळ होतं, आतल्या अंगाला गोळा होऊन जाड होतं, आणि मधलं गोल भोक अंड्यासारखं चपटं व्हायला बघतं. वळण जितकं आखूड तितकं हे जास्त. हे थांबवणारी कला जगात नाही. कमी करता येतं, एवढंच.

हे आम्हा दोघांना एकाच माणसानं शिकवलं. खेड स्टेशनपासून थोडं अलीकडे आमच्या उस्तादांचं वर्कशॉप होतं. मी आणि रघू तिथे जवान वयात एकाच पावसाळ्यात लागलो. मी घरून पळून आलेलो, तो नापास होऊन आलेला. पाइप वाकवायची तिथली रीत ठरलेली होती. जगबुडी नदीची वाळू आणायची, चाळायची, पत्र्यावर भाजून पार कोरडी करायची, मग पाइपात भरून बाहेरून हातोडीनं ठोकत ठोकत दाबून बसवायची आणि दोन्ही टोकांना लाकडी बुचं मारायची. मग भट्टीत लाल करून साच्याभोवती सावकाश वळवायचा. वाळू आतून धरून ठेवते म्हणून पाइप चपटा होत नाही. काम झालं की बुचं काढायची आणि वाळूचा शेवटचा कण बाहेर पडेपर्यंत पाइप झटकायचा. उस्ताद सांगायचे, "वाळू गोलाई राखते रे, जाडी राखत नाही. जाडी राखायची तर पाइपच जाड घ्या." आणि दुसरं एक ते मरेपर्यंत सांगत राहिले, की समुद्राची वाळू पाइपात घालायची नाही. तिच्यात मीठ असतं, ते आत चिकटून राहतं आणि वर्षानुवर्षं लोखंड खात बसतं.

रघूला शिकवलेलं सगळं आवडायचं, कारण ते पुढे दुसऱ्याला शिकवता यायचं. त्याचा तो स्वभावच होता. माझ्यापेक्षा चार बेंड जास्त वळवले की लगेच, "सद्या, तुझा घाईत आला बघ." मी घाई करायचो, खरं आहे. मला खेडात मरायचं नव्हतं. उस्तादांनंतर आम्ही दोघांनी रत्नागिरीत बंदर रस्त्याला शेड घेतली. गिऱ्हाईक मी आणायचो, भट्टी तो सांभाळायचा. मी बोलत नसतो तर त्याची भट्टी पेटलीच नसती, हे पुढे त्याला पूजणाऱ्यांनी सोयीनं विसरून टाकलं. त्याच दिवसांत माझं सुमनशी लग्न ठरलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रघूनं मला "भावोजी" म्हणायला सुरुवात केली आणि मरेपर्यंत त्या शब्दात थोडी चेष्टा शिल्लक ठेवली. मी घर बांधलं तेव्हा जिन्याचं रेलिंग आमच्याच शेडमध्ये झालं. वास्तुशांत तोंडावर आली होती आणि मला एका मोठ्या कामासाठी देवरूखला जाऊन राहावं लागलं. परत आलो तेव्हा रेलिंग बसवून, खालचं टोक काँक्रीटमध्ये पक्कं करून, वर हिरवा रंगही मारून झाला होता. अगदी खालच्या पायरीशी पाइप सुंदर वळून जमिनीत जात होता. मी रघूची पाठ थोपटली. तो म्हणाला, "बहिणीचं घर आहे, भावोजी." तेव्हा बरं वाटलं होतं.

मग काशिनाथचा बेंड फुटला. त्या वेळी त्याच्या जुन्या होडीत त्यानं पहिल्यापेक्षा मोठं इंजिन बसवलं होतं, आणि जागा तेवढीच. धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाला हातभर जागेत वळण हवं होतं. मी त्याला सांगितलं होतं, एवढ्या आखूड वळणाला सी क्लासचा जाड पाइप घे. त्यानं नेहमीचा बी क्लास मागितला. शेडमध्ये, रघूच्या समोर मागितला, आणि मी तो वळवून दिला. पुढच्या मोसमात तो बेंड बाहेरच्या अंगाला चिरला आणि एका खलाशाचा हात भाजला. मी त्याला दवाखान्यात बघून आलो आणि तसाच हर्ण्याला गेलो. बघतो तर रघू माझ्याआधी पोचलेला. बंदरावर सगळे होडीवाले तांडेल जमलेले, आणि हा तो बेंड दगडावर धरून हेक्सानं, लोखंड कापायच्या करवतीनं, उभा चिरतोय. चिरला. दोन फाका दोन हातांत धरून वर केल्या. "हे बघा. आतली बाजू ही एवढी, आणि बाहेरची ही... पत्रा झालाय पत्रा. हे आमच्या भावोजींचं काम."

त्या फाका हातोहात फिरल्या. माणसं बोटानं कड चाचपून माझ्याकडे बघायची. मी ओरडलो, "अरे, बाहेरची बाजू पातळच पडते! दाबाचा ताण तिथे कमी असतो, आतल्या अंगाला जास्त असतो, आणि तिथे लोखंड जाड झालेलं असतं. उस्तादांनी तुला काय वेगळं शिकवलं?" रघू शांतपणे म्हणाला, "दाबाचं बरोबर. पण धूर काय दाबून बसत नाही, भावोजी, तो पळतो. त्याला सरळ जायचं असतं आणि पाइप सांगतो वळ. मग तो आपटतो कुठं? बाहेरच्याच अंगाला. जिथं तुमचं लोखंड कमी, तिथंच मार." सगळ्यांनी माना हलवल्या. हे त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि मला माहीत होतं. म्हणूनच मी जाड पाइप सांगितला होता! ते बोलायला रघूची जीभ उचलली नाही. मी काशिनाथकडे बघितलं, तो दुसरीकडे बघत होता. मग मी शेवटचं म्हटलं, "ठीक आहे. आता तुझा एक बेंड काप. इथेच, सगळ्यांसमोर. बघू दे किती जाड निघतो." रघू हसला. मी ते हसणं विसरलेलो नाही. "माझा चालतोय, भावोजी. चालता बेंड कोण कापतो?"

बंदरावर हशा पिकला. त्या दिवसापासून हर्ण्याला मी 'पातळशेट' झालो. नाव एकदा चिकटलं की किनाऱ्यानं पसरतं. पुढे कुठेही कामाचं बोलायला गेलो तरी माणसं आधी पाइपाची कड चाचपून बघायची आणि गालात हसायची. भागीदारी त्याच आठवड्यात मोडली. शेड त्यानं ठेवली, मी एमआयडीसीत नव्यानं सुरू केलं आणि त्याच्यापेक्षा मोठं केलं. मशीनवर वाकवतो, आत मँड्रेल घालून, म्हणजे पाइपात लोखंडी गाभा सरकवून, वाळूचं नावही नाही. पण हर्णे गेलं ते गेलंच. माझं एकच मागणं होतं, की रघूचा एक बेंड माझ्या बेंडसारखा उभा कापावा आणि चार लोकांनी बघावा. त्यानं ते कधी होऊ दिलं नाही, आणि त्याचे बेंड चालत राहिले.

भांडण धंद्यातलं असतं तर तोंड फिरवता आलं असतं. मेहुण्याचं काय करणार? गणपतीला, शिमग्याला, सुमनच्या आजारपणात तो घरी यायचाच. आला की चपला काढायचा आणि वर यायच्या आधी जिन्याच्या खालच्या बेंडवर बोटातल्या अंगठीनं ठोकायचा. टक, टक. कान तिरका करून क्षणभर थांबायचा. पुन्हा टक, टक. मग काही न बोलता वर. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, दर वेळी! मला माहीत होतं तो काय करतोय. हर्ण्याची आठवण करून देत होता. मी वर बसून दात खायचो. एकदा न राहवून म्हटलं, "तुझाच आहे तो बेंड, माझा नाही. कितीदा वाजवशील?" तर म्हणे, "सवय आहे." जेवण झालं की सगळे माजघरात बसलेले असताना हा खालच्या पायरीवर जाऊन बसायचा, आणि सुमन तांब्या घेऊन उतरायला लागली की ओरडायचा, "सुमे, भिंतीकडनं उतर गो!" जणू माझा जिना धड नाही. सुमन हसून भिंतीला हात लावत उतरायची. मग तिला तीच खोड लागली. भिंतीच्या रंगावर हाताची मळकट रेघ उमटायची, मी दर गणपतीआधी ती रंगवून घ्यायचो आणि तिच्यावर चिडायचो. "रेलिंग कशाला लावलंय?" "दादा म्हणतो," असं तिचं ठरलेलं उत्तर.

कित्येकदा माझ्या मनात यायचं, की रघूचा बेंड शोधायला हर्ण्याला कशाला जायचं? माझ्या घरात आहे की एक. काढावा आणि कापावा. पण विषय काढला की सुमन बिथरायची. "दादानं हातानं केलंय ते. माझ्या जिन्याला हात लावायचा नाही." एवढ्या एका गोष्टीत मी तिचं ऐकलं.

रघूचं दिवस-कार्य झालं. सुमन माहेरहून परत आली, जिन्याशी थांबली आणि बराच वेळ त्या बेंडकडे बघत राहिली. मग मागे न वळता म्हणाली, "कापा."

"काय?"

"तुम्हाला कापायचा होता ना? कापा एकदाचा. तो असेपर्यंत मला दोघांच्या मधे उभं राहावं लागलं. आता मला नाही उभं राहायचं."

मी त्याच दुपारी बेंड रेलिंगला जोडणाऱ्या वेल्डिंगच्या जरा खाली हेक्सा लावला. ब्लेड आरपार जायच्या आत काहीतरी खरखरलं आणि कापातून वाळू गळायला लागली. मला वाटलं सिमेंट असेल. हातावर घेतली तर वाळू. सगळा बेंड वाळूनं गच्च भरलेला होता. काँक्रीट फोडून बाहेर काढला तर दोन्ही बुचं आत तशीच, वरचं वेल्डिंगच्या धगीनं काळं पडलेलं. रघूनं बेंड वळवल्यावर झटकून रिकामा केलाच नव्हता. आत वाळू अडकली असेल, वास्तुशांतीची घाई असेल, मी देवरूखला असेन... त्यानं तसाच जोडून दिला आणि वर हिरवा रंग मारला. मी वाळू कागदावर पसरली. तिच्यात शिंपल्यांचे तुकडे होते. काही पांढरे, काही भट्टीत भाजून चुन्यासारखे भुगा झालेले. जगबुडीच्या वाळूत शिंपले नसतात. ही भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू होती! ज्या माणसानं अख्ख्या बंदर रस्त्याला नदीच्या वाळूवर प्रवचनं दिली, त्यानं आपल्या बहिणीच्या जिन्यात समुद्राची वाळू भरून ठेवली होती.

मी बेंड उभा चिरला. बाहेरचं अंग आधीच ताणून पातळ, त्यात मिठानं आतून खाल्लेलं. नखानं दाबलं तर पापुद्रे सुटत होते. आत वाळू ठासलेली होती म्हणून तो उभा होता, नाहीतर कधीच बसला असता. काशिनाथच्या बेंडपेक्षा हा किती वाईट होता ते सांगायला शब्द नाहीत. आणि तिथे जिन्यावर बसल्याबसल्या मला ती टकटक समजली. काँक्रीटमध्ये रोवलेला पाइप बद्द वाजतो असं मी धरून चाललो होतो. मी कधी ऐकलंच नाही, मला त्यात फक्त टोमणा ऐकू यायचा. रघू मला डिवचत नव्हता. तो ऐकत होता, लोखंड किती उरलंय ते. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी सुमनला हाक मारून सगळं दाखवलं. रागानं माझा आवाज चढला होता. "बघ तुझ्या दादाचं काम. तुझा जीव टांगून ठेवला होता या कचऱ्यावर. एक वाक्य बोलायला काय झालं होतं? 'भावोजी, बेंड बदलतो,' बस्स. पण माझ्यासमोर मान खाली घालायची नव्हती ना! त्यापेक्षा बहीण पडली तरी चालेल!"

सुमननं ते शिंपल्यांचे तुकडे बोटानं बाजूला केले. "सांगत होता की तो," ती म्हणाली.

"काय सांगत होता? कधी?"

"भिंतीकडनं उतर म्हणून."

मी हेक्सा खाली ठेवला. पण लोकांना वाटेल तसं माझं मन वगैरे विरघळलं नाही. भिंतीकडनं उतर म्हणणं म्हणजे बेंड बदलणं नव्हे. मी दोन्ही फाका पिशवीत टाकल्या आणि हर्ण्याला गेलो. तीच जागा, लिलावाची तीच वेळ. काशिनाथच्या हातात फाका दिल्या. "हा रघूचा. त्याच्या हातचा, त्याच्या भट्टीतला. बघ कड. आणि आत कुठली वाळू होती ते बघ." आजूबाजूची माणसं गोळा झाली. फाका हातोहात फिरल्या, तशाच, कड चाचपत. काशिनाथनं फाक उन्हात धरली, आतला गंज अंगठ्यानं खरवडला, मान हलवली. "खराब हाय, शेट. लय खराब." मला वाटलं, झालं. इतक्या वर्षांनी झालं. मग त्यानं विचारलं, "पण हा फुटला कधी?"

"फुटला नाही. मी कापला."

"म्हंजे चालत होता?"

कोणीतरी हसलं. मी त्याला समजावलं, की जिन्याच्या रेलिंगमधून धूर जात नाही, गरम पाणी जात नाही, त्याला कोणी आतून मारत नाही, तो न फुटण्यात कसली आली मर्दुमकी! काशिनाथ ऐकत होता. माझं बोलून झाल्यावर त्यानं फाका नीट एकावर एक जुळवून पिशवीत ठेवल्या, एखाद्या देवळातली वस्तू ठेवावी तशा. "गेलेल्या माणसाचा चालता बेंड कापलात, शेट," एवढंच म्हणाला. रेलिंगचं मी विचारलं नाही. म्हणून हे लिहिलं. बंदरावर ऐकून घेत नाहीत, निदान इथे छापून यावं. रघुनाथ कसबी होता, हट्टी होता, आणि त्याचा बेंड पातळ पडायचा. सगळ्यांचा पडतो.

जिन्याला मी नवा बेंड केला. मशीनवर करू शकलो असतो. पण खेडला जाऊन जगबुडीची वाळू आणली, भाजली, ठोकून भरली आणि जुन्या पद्धतीनं वळवला. सी क्लासचा जाड पाइप, ऐसपैस वळण, आणि शेवटचा कण पडेपर्यंत झटकून रिकामा केलेला. वाजवला की खणखणतो. हत्तीनं धरला तरी हलणार नाही. मी सुमनला खाली उभं राहून सांगतो, "धर. आता धरायला हरकत नाही." ती हो म्हणते आणि भिंतीला हात लावत उतरते.

गणपती जवळ आले म्हणून परवा रंगारी विचारायला आला होता. सुमननं त्याला सगळं घर दाखवलं आणि जिन्याशी येऊन म्हणाली, "ही भिंत सोडून." मी तिथल्या तिथे भांडायला उभा राहिलो. नवं रेलिंग, नवा रंग, आणि मधेच ती मळकट रेघ, चार पाहुणे येतात, काय म्हणतील? आवाज इतका चढवला की रंगारी बाहेर जाऊन उभा राहिला. सुमन वर गेली, तांब्या घेतला आणि उतरायला लागली, भिंतीकडनं. मी खालच्या पायरीवर बसलो होतो. मला सरकून तिला वाट द्यावी लागली.